राहिलेली गाठ

सिस्टर पिलार या परदेशी नन दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांची तेलुगू पुस्तकातली होती आणि हिंदी रेल्वेच्या प्रवासात गोळा केलेली. स्पॅनिश तेवढी स्वतःची होती, पण ती बोलायला जिल्हाभरात कुणी नव्हतं, म्हणून त्या भांड्यांशी बोलत. सकाळी स्वयंपाकघरात यायच्या, भाताच्या पातेल्याचं झाकण उचलायच्या, आत डोकावायच्या आणि म्हणायच्या, "केदा?" मग स्वतःच मान डोलवून म्हणायच्या, "केदा." पहिले चार दिवस मी धरून चालले की त्यांच्या देशात भाताला केदा म्हणतात. पाचव्या दिवशी त्यांनी घासलेटचा डबा हलवून पाहिला आणि तेच विचारलं. त्या दिवशी दुपारी त्यांनी ओसरीत बसलेल्या बायका बोटानं मोजल्या आणि म्हटलं, "केदान त्रेस." तपासायच्या तीन बायका उरल्या होत्या. तेव्हा चुलीपुढे बसल्या बसल्या मला कळलं, हा शब्द भाताचाही नाही आणि घासलेटचाही नाही. हे आपलं 'राहिलं का?' आहे. भात राहिला का, तेल राहिलं का, बायका किती राहिल्या. फुंकणी हातात तशीच राहिली आणि मी एकटीच हसले. घर सोडून आल्यावर दुसऱ्याची एखादी गोष्ट माझी मला समजली, अशी ती पहिलीच वेळ.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी मुलखाची, बाजारहत्नूरकडची. सातवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावी होती आणि कापूस वेचायला घरात हात कमी होते. त्याच जिल्ह्यात, बेल्लमपल्लीला माझी आत्या राहायची. तिचे यजमान कोळशाच्या खाणीत होते. त्यांच्या क्वार्टरात एक खोली, पुढं पडवी, आणि पडवीच्या जाळीवर कितीही पुसलं तरी बसणारी काळी भुकटी. आत्यानंच मला दवाखान्याच्या स्वयंपाकघरात चिकटवलं. "संक्रांतीपावेतो राह्य, मग पाहू," ती म्हणाली होती. दोन बस बदलून आले आणि आले ते सगळं तेलुगूत. भाजीवाली तेलुगूत, कंडक्टर तेलुगूत, भिंतीवरच्या पाट्या तेलुगूत. आमच्याकडची अंबाडी इथं गोंगूर झालेली, वरणाचं पप्पू झालेलं. घड्याळही वेगळं होतं. पाळी बदलायचा भोंगा झाला की सगळं गाव अर्धा क्षण कान देई आणि पुन्हा कामाला लागे. मी मात्र प्रत्येक भोंग्याला हातातलं टाकून दारात यायची. भोंगा अवेळी वाजला तर खाणीत काहीतरी झालं, असं आत्यानं सांगून ठेवलं होतं, आणि कुठली वेळ नि कुठली अवेळ हे मला ठाऊक नव्हतं. ही भीती अजून आहे. आज नात म्हणते, "आजी, तू गॅस तीनदा बघतेस." बघते. काय बिघडतं?

माझ्या पेटीत सातवीची एक वही होती, अर्धी कोरी. त्या कोऱ्या पानांवर मी सिस्टरांचा तो शब्द गोळा करू लागले, जसा ऐकू येईल तसा, आपल्या अक्षरात. कुणाचं गाव कुठं म्हणून विचारलं आणि लांब निघालं की त्या म्हणत, "केदा लेखोस." मी आत्याचं जुनं हिरवं लुगडं नेसून गेले तर मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "ते केदा ब्येन," म्हणजे शोभतंय. चार वाजता औषधं मोजायचं ठरलं की "केदामोस". ओसरीत कुणाला डुलकी लागली की "से केदो दोर्मीदा". नवरा वारलेली बाई आली तर हळू आवाजात "से केदो व्युदा". आणि दिवस राहिलेली बाई आली की त्यातही हाच शब्द. वहीत मी एकाखाली एक लिहीत गेले, पण अर्थ एका रेघेत बसेना. शिकलेल्या माणसानं व्याकरण उलगडलं असतं. मला व्याकरण नव्हतं, चूल होती. चुलीवरून मी असा हिशेब लावला की काहीतरी घडून जातं, आणि घडून गेल्यावर माणूस किंवा वस्तू ज्या ठिकाणी, ज्या दशेत उरते, ते सांगायला हा शब्द. पातेल्यात भात उरतो, बाई एकटी उरते, लुगडं अंगावर कसं उरतं तेही. आपण तरी काय, भात राहिला म्हणतो, दिवस राहिले म्हणतो, आणि आमच्याकडं तर जेवून राह्यलो, येऊन राह्यलो, सगळं राहूनच करतो. इतकी वर्षं झाली, चांगली शिकलेली माणसं भेटली, पण हा अर्थ मला कुणी खोडून दिला नाही.

एकदा सिस्टरांनी वही पाहिली. मी घाबरले, वाटलं रागावतील. त्या खाली बसल्या, मला बोटानं एकेक ओळ वाचायला लावली आणि पोट धरून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "चेबान्ता," माझं नाव शेवंता, पण ते त्यांच्या जिभेला जमलं नाही कधी, "तू ऐकती. बहुत लोग सुनता नहीं." त्या दिवसापासून मराठी बाई आली की मला स्वयंपाकघरातून बोलावणं येऊ लागलं. वांकडीकडच्या, सरहद्दीकडच्या बायका यायच्या. त्यांना तेलुगू धड येत नसे, हिंदी लाजत बोलायच्या, आणि बाळंतपणाचं तर बोलायच्याच नाहीत. मी हात पुसत जायची, पदर खोचायची, आणि तिचं ऐकून सिस्टरांना सांगायची. हेड नर्स कमलम्मांना ते आवडत नसे. "किचनची पोरगी तपासायच्या खोलीत कशाला?" असं त्या मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणत. त्यांचंही चुकत नव्हतं. त्या परीक्षा देऊन आल्या होत्या.

सिस्टरांची मोठी अडचण तारखेची. पाळी शेवटची कधी आली होती, हे विचारलं की बायका खाली बघायच्या. तारीख कुणाला ठाऊक? मग मी त्यांना आमच्याकडची रीत सांगितली. सुनेला दिवस राहिले, पाळी चुकली, की सासू आढ्याला एक पांढरा दोरा बांधते आणि दर पुनवेला त्याला एक गाठ मारते. जितक्या गाठी तितके महिने. "दोरा आणायला सांगा," मी म्हणाले, "दोरा खोटं बोलत नाही." सिस्टरांना ते इतकं आवडलं की त्यांनी रजिस्टरात वेगळा रकाना आखला. गाठी मोजायच्या, त्यावरून दिवस धरायचे, आणि ज्यांचं गाव लांब, ज्यांचं आधीचं बाळंतपण बिघडलेलं, त्यांना शेवटचे पंधरा दिवस दवाखान्यातच ठेवून घ्यायचं. त्यासाठी मागच्या खोलीत सहा खाटा होत्या. बायका पदरात दोरा बांधून येऊ लागल्या. मी तेव्हा सतरा वर्षांची. माझ्या सांगण्यानं एवढं रजिस्टर बदललं म्हणून मी मनातल्या मनात फुगले होते, हे इथं लिहून टाकते.

मार्गशीर्षातली पुनव होऊन गेली होती. थंडी होती, आणि स्वयंपाकघरात मी शेंगदाणे भाजत होते, कारण दोन दिवसांवर संक्रांत आणि संक्रांतीनंतर मी इथं राहायचं की नाही ते ठरायचं होतं. वांकडीच्याही पुढून, बैलगाडीनं आणि मग बसनं, रुखमा नावाची एक बाई तिच्या सासूबरोबर आली. हाडकुळी पोरगी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. पोट लहान. पायाला थोडी सूज. पहिलं मूल गाडीतच गेलं होतं, पायाळू होतं, वाटेत अडलं. ते सांगताना ती रडली नाही, सासूच रडली. सासूनं कनवटीचा दोरा काढला. सिस्टरांनी गाठी मोजल्या, मीही मोजल्या. आठ. सिस्टरांनी पोटावर हात फिरवला, टेप लावून पाहिली. पोट आठव्याला शोभेल एवढंच होतं. सहाही खाटा भरलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, तीन आठवड्यांनी ये, तोवर खाट रिकामी होईल, तेव्हा ठेवून घेते. मी ते रुखमाला मराठीत सांगितलं. माझ्याच तोंडानं सांगितलं.

बसला वेळ होता म्हणून मी दोघींना स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलं. ज्वारीची भाकर होती, अंबाडीची भाजी होती. सासू बस बघायला फाटकाकडे गेली. रुखमा भाकरीचा पापुद्रा काढत बसली.

"खाय ना वं," मी म्हटलं. "काऊन कुरतडून राह्यली नुसती?"

"आता बरं खाते बाई मी. सुरवातीला तं भाकरीचा वास नाई सहन व्हायचा," ती म्हणाली. "माह्या बापानं धोंड्याच्या महिन्यात जावई जेवायला बोलावला. पुरनाचे धोंडे केले मायनं, तुपात सोडले. यायनं अकरा खाल्ले! अन् मी परसात वकून राह्यली. माय म्हने, जावयाचं पोट भरलं, लेकीचं रिकामं झालं."

मीही हसले. आमच्या घरीही त्या अधिक महिन्यात धाकट्या आत्याच्या नवऱ्याला धोंडे केले होते, कणकेच्या लाटीत पुरण भरून, वाफवून, वर तुपाची धार. हसता हसता शेंगदाणे करपल्याचा वास आला, मी कढई उतरवायला वळले, आणि हात तिथंच थांबले. धोंड्याच्या महिन्यात हिला वांत्या होत होत्या. म्हणजे तेव्हा दिवस राहिलेले होते. तो महिना दोऱ्यात कुठं आहे?

नव्हता. असूच शकत नव्हता. धोंड्याचा महिना कुणाचा नसतो. त्या महिन्यात लग्न नाही, वास्तू नाही, बारसं नाही, आणि पुनवेची गाठही नाही. माझ्या आजीनं माझ्या काकूच्या दोऱ्याला त्या पुनवेला हात लावला नव्हता, मी पाहिलं होतं. ज्येष्ठाची गाठ मारायची, मधला महिना सोडायचा, आणि मग खऱ्या आषाढाची गाठ. गावात त्यानं काही बिघडत नसे. बायकांना ते बोलण्यात ठाऊक असे, 'धोंड्यातली हाय, एक वर धरा' असं म्हातारी सहज म्हणून जाई. पण सिस्टरांना ते कोण सांगणार? मी सांगायचं होतं. दोरा खोटं बोलत नाही म्हणून मी सांगितलं आणि हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. रुखमाचे आठ नव्हे, नऊ भरले होते. ती आज बसनं, मग बैलगाडीनं, त्याच वाटेनं परत निघाली होती.

मी कढई तशीच ठेवून व्हरांड्यात गेले. कमलम्मा तपासायच्या खोलीच्या दारात होत्या. मी मराठी, तेलुगू, हिंदी सगळं एकत्र केलं. त्यांना एवढंच कळलं की स्वयंपाकीण सिस्टरांचा हिशेब चुकला म्हणतेय.

"नीकेंदुके?" त्या म्हणाल्या. तुला काय करायचंय? "सिस्टरनी हातानं पाहिलं. तू काय पाहिलंस? जा, काहीतरी जळतंय तुझं."

जळतच होतं. आणि मी खरंच दोन पावलं मागं फिरले. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मनात आलं, कमलम्मा म्हणतात तेच बरोबर असेल. सातवी शिकलेली मी. चुकीचं निघालं तर संक्रांतीला बोचकं बांधायचं. आणि खरं निघालं तर आणखी वाईट, सगळ्यांना कळेल की चूक मुळात माझी. तेवढ्यात फाटकाबाहेर बसचा हॉर्न झाला आणि सासूची हाक आली, "रुखमे, चाल वं!"

मी कमलम्मांच्या हाताखालून खोलीत शिरले. सिस्टर दुसऱ्या बाईला तपासत होत्या. मला हिंदी आठवेना, तेलुगू आठवेना. तोंडात आलं ते वहीतलं.

"के से केदे!" मी ओरडले. "रुखमा, के से केदे!"

राहू दे तिला. सिस्टर कुणा बाईला ठेवून घ्यायचं असलं की असंच म्हणायच्या. मी ते कधी जुळवून बोलले नव्हते. त्यांनी मान वर केली. आपली भाषा अचानक कुणाच्या तोंडून आली की माणूस जसा बघतो, तशा बघत राहिल्या. मग मी बोटं पुढं धरली, एक महिना, दोन महिने, आणि दोन बोटांच्या मधली फट दाखवली. "इथं एक महिना हाये. त्याची गाठ मारत नाई. मी सांगितलं नव्हतं. मेरी गलती."

"उगाच तर नाही म्हणत?" असं काही त्या विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "नऊ?" मी म्हटलं, "नऊ." त्यांनी फाटकाकडे बोट केलं.

बस सुरू होती. रुखमा पायरीवर, सासू आत खिडकीशी बसलेली. मी पायरीचा दांडा धरला आणि म्हटलं, "मावशी, उतरा. हिचे नऊ भरले."

"आता गं बया! मंघा तूच आठ म्हनत होती ना? अन् खाट नाई म्हनाली ना तुही बाई?"

"खाट नाई. माही जागा हाये, कोठीच्या खोलीत. तिथं निजवू."

"सातवी-आठवी शिकल्या पोरी अन् मले मयने शिकवून राह्यल्या! माह्या हातची गाठ हाये ते. एक पुनव चुकली नाई मी."

"धोंड्याची मारली का?"

कंडक्टरनं घंटी ओढली. सासू बोलायला गेली आणि थांबली. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला, एक पेर, दुसरं, मग मागं आला, पुन्हा दुसरं. तिचा चेहरा उतरत गेला तो मला अजून दिसतो. "अगं माय," ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही. मग एकदम उठून तिनं बोचकं खिडकीतूनच खाली टाकलं आणि कंडक्टरवर ओरडली, "थांबव रे मुर्द्या, दिसत नाई का बाई दोन जिवाची हाये ते!"

तिसऱ्या दिवशी, ऐन संक्रांतीला, सकाळच्या भोंग्यानंतर रुखमाला कळा सुरू झाल्या. मूल पुन्हा पायाळू होतं. दुपारपर्यंत चाललं. मी पाणी तापवत राहिले, जेवढं लागलं त्याच्या तिप्पट तापवलं. आतून सिस्टरांचा आवाज आणि कमलम्मांचा आवाज; कमलम्मा रुखमाला मराठीत 'दम धर, दम धर' म्हणत होत्या, ते दोन शब्द त्या माझ्याचकडून शिकल्या होत्या. मग रडणं आलं. बारीक, चिडकं. मुलगी. कमलम्मा बाहेर आल्या, हात धुतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चहा ठेव. तुझाही ठेव."

त्या दिवशी चार वाजता सिस्टरांनी मला तपासायच्या खोलीत बोलावलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. त्या खोलीत मी तोवर कधी बसले नव्हते. मी रागवायची वाट बघत होते. त्यांनी रजिस्टर उघडलं, गाठींचा रकाना दाखवला आणि विचारलं, "केदान कुआंतास?" अशा आणखी किती राहिल्यात? आम्ही दोघींनी पान न् पान पाहिलं. धोंडा ज्यांच्या दोऱ्यात येत होता अशा पाच निघाल्या. भाजीवाल्यांकडून, बसच्या कंडक्टरांकडून, लॉरीवाल्यांकडून निरोप गेले. चौघी वेळेवर आल्या. पाचवीचं बाळंतपण निरोप पोचायच्या आधीच घरी झालं होतं, सुखरूप. पण ते सुखरूप झालं त्यात माझा काही वाटा नव्हता, आणि हे मी विसरू दिलं नाही स्वतःला. संक्रांतीनंतर परत जायचं का, हे मला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर माझी वही ठेवलेली होती, एवढंच. चूक केलेल्या माणसाला त्याच चुकीच्या पानाशी बसवून पुढचं काम सोपवणारी माणसं थोडी. मला सतराव्या वर्षी भेटली. आई-बापाच्या खालोखाल मी त्यांची देणेकरी आहे.

रुखमाला घेऊन जाताना सासू स्वयंपाकघरात आली. कनवटीचा दोरा काढला, दुसरी आणि तिसरी गाठ यांच्यामधली जागा नखानं चाचपली. जागा कमी होती. तरी तिनं दातात धरून, ओढून, तिथं एक गाठ मारली. वाकडी बसली. तो दोरा तिनं माझ्या हातात कोंबला.

"ठेव तुह्यापाशी. पुढच्या सिस्टरला दाखवजो," ती म्हणाली. "आपल्याले ठाऊक असते, पन लोकायले सांगा लागते."

सिस्टर दारात होत्या. मी दोरा परत करायला निघाले तशा त्या म्हणाल्या, "केदातेलो." ठेव, तुझाच आहे. वहीत हा अर्थ नव्हता. तो मी त्या दिवशी खाली लिहिला.

सिस्टर पुढे आपल्या देशी गेल्या. जिल्ह्याचे तुकडे झाले, बेल्लमपल्ली आता आदिलाबादेत नाही. मी आहे तिथंच आहे. त्या खोलीत बायकांचे दिवस मोजण्यात माझा जन्म गेला आणि चांगला गेला. आता गावोगावच्या आशाताई मोबाइलवर तारीख टाकतात आणि तो दिवस सांगतो. कधी एखादी नवी मुलगी माझ्याकडे येते, दोरा हातात घेऊन हसते, म्हणते, "आजी, हे काय आता?" मी तिला गाठी मोजायला लावते. ती भराभर मोजते, नऊ म्हणते. मग मी तिला विचारते, यातली वाकडी कोणती ते सांग, आणि ती कोणत्या महिन्याची तेही. ती दोरा उजेडात धरते. मी चहा ठेवते. त्याला जरा वेळ लागतो.